सहावं पुस्तक

"पाचही पुस्तकांत हेच लिहिलंय," क्लाइव्ह म्हणाला. "अडकलात तर गाडी सोडू नका."

"अडकू नका, असं एकातही नव्हतं?" ग्लेनिसने नवऱ्याला विचारलं.

होतं. पान एकशे बारा. मिठाच्या तळ्याची पापडी वरून कोरडी दिसते, खाली चिखल असतो. स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून क्लाइव्ह हेच मोठ्याने वाचत होता, तेव्हाच गाडी पोटापर्यंत रुतली.

आज गुरुवार. सिम्पसन वाळवंटात, वर्दळीच्या वाटेपासून नव्वद किलोमीटर आत, रुतल्याचा तिसरा दिवस. पाणी उद्या दुपारपर्यंत. सॅटेलाइट फोन हवाच, असंही पाचही पुस्तकांत होतं. पुस्तकं घेता घेता फोन राहून गेला.

क्लाइव्ह दर दहा मिनिटांनी टपावर चढायचा, उतरायचा, कॅन हलवून बघायचा.

"हलवून वाढतं का रे?"

"बेव्ह आहे ना," तो पुटपुटला. प्रवासाचा कागद त्याने शेजारच्या बेव्हकडे ठेवला होता: वाट, मुक्काम, तारखा. बुधवारपर्यंत फोन नाही आला, तर तिने पोलिसांना कळवायचं. "विश्वासू माणसाकडेच ठेवा म्हणतात."

"विश्वासू आहेच ती. पण एकटीला करमत नाही तिला. निघताना किती रडवेली झाली होती! सहावं पुस्तक तिलाच दिलंस ना?"

"मागितलं, दिलं. बसेल वाचत."

तेवढ्यात वाळूच्या टेकडीमागून उंच काठीवरचा नारिंगी झेंडा वर आला. पलीकडून येणारी गाडी कळावी म्हणून इथे सगळेच लावतात तो.

"पोलीस!" क्लाइव्ह टपावर नाचायला लागला. ग्लेनिस टॉवेल हलवत ओरडली, "थांबा! तिथेच थांबा!"

गाडीतल्या माणसाने आनंदाने हात हलवला, गाडी सरळ तळ्यात घातली आणि यांच्या शेजारीच रुतवली.

काच खाली झाली. आत बेव्ह.

"सापडलात! काय कागद लिहिलायस रे क्लाइव्ह, वळण न् वळण बरोबर!"

"पोलिसांना कळवलंस?"

"कधी कळवणार? तुम्ही गेलात नि घर खायला उठलं. सोमवारीच निघाले."

"फोन आहे?"

"तुझ्याकडे असेल म्हटलं."

क्लाइव्ह टपावरून खाली उतरला. "अगं, मग आता तुला तरी कोण शोधणार?"

"बावळट समजतोस का मला? पुस्तक वाचून निघालेय. माझाही कागद विश्वासू माणसाकडे ठेवलाय."

क्लाइव्हच्या जिवात जीव आला. "कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? तुमच्याच टपालपेटीत टाकला की!"