पाहुण्यांची सूतमाला

नाल्यात धुतलेला काजलचा पांढरा गणवेश जांभळा झाला आणि वर्गात तिचं नाव पडलं 'जांभूळ'. ती तरातरा नाल्यात पाणी सोडणाऱ्या रंगाच्या कारखान्यात गेली, तर मालक खो-खो हसले. "आमच्या पाण्यात रंग काऊन राहीन, पोरी? तुह्या साबणात असन!"

काजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कापसाच्या पराट्यांचा, म्हणजे वाळलेल्या झाडांचा, कोळसा करून नाल्याचं पाणी गाळायचं यंत्र विज्ञान प्रदर्शनात मांडलं आणि मुख्याध्यापिका बाईंना गळ घालून पाहुणे म्हणून त्याच मालकांना बोलावलं. स्वागताला बाईंना पांढरी सूतमाला घातली, मालकांना जांभळी.

"वा! काय रंग हाय! कुठून आणला?" मालकांनी माइकवरच विचारलं.



"बाईंची माळ कोळशातून गाळलेल्या पाण्यात भिजवली, साहेब. अन् तुमची, तुमच्याच पाण्यात!"