चारशे बारावा गोलकीपर

चारशे अकरा खेळाडूंच्या कपाळी कुंकू लावून झालं आणि चारशे बाराव्याचं नाक वाहून गेलं.

शोभनाताईंनी बोट मागे घेतलं. गंधासारखं पाण्यात कालवलेलं कुंकू गोलकीपरच्या कपाळावरून खाली उतरलं होतं आणि जाताना भुवया, नाक, अर्धी मिशी सोबत घेऊन चाललं होतं. त्यांनी पदराने टिपलं. उरलेली मिशीही गेली.

दसरा होता. सकाळीच लॅपटॉपला कुंकू लागलं, मिक्सरला लागलं, नातीच्या हॉकी स्टिकला लागलं. गाडीला लागायचं राहिलं होतं, कारण निखिल झेंडूचे हार आणायला अल ऐनहून दुबईला गेला होता. गाडीच्या हारासाठी गाडीच धावत होती. सून हॉस्पिटलात ड्यूटीवर. मग शोभनाताईंनी विचार केला, आपल्या मुलाचा जीव कशात आहे? कपाटातल्या चार अल्बममध्ये. काढा बाहेर.

टोरंटोत आठ वर्षं नोकरी केल्यापासून निखिल त्या एका शहराच्या आइस हॉकी आणि बेसबॉल संघांची कार्डं जमवत होता. पत्त्याएवढी कार्डं, एका बाजूला खेळाडूचा फोटो, दुसऱ्या बाजूला त्याची कुंडली. बाहेर अडतीस डिग्री, कपाटात बर्फावरचे खेळाडू. हात लावायची परवानगी कुणालाच नाही. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे हा गोलकीपर, तोंडाला जाळी न बांधता गोल अडवायचे त्या काळातला. "आई, ओरिजिनल आहे. अख्ख्या गल्फमध्ये दुसरं नाही," हे निखिल महिनाभर प्रत्येक जेवणात वाढत होता. आज पाच वाजता त्याच्या ऑफिसातला फहद यायचा होता. गोलकीपर घेऊन बदल्यात बेसबॉलच्या कार्डांची अख्खी पेटी देणार होता. निखिलने तीनदा पुढे ढकललं होतं. आजचा दिवस शुभ असतो, हे मात्र फहदनेच कुठून तरी शोधून काढलं होतं.

शोभनाताईंनी घाईघाईने ओलं फडकं घेतलं. चारशे अकरा कार्डं ताटवाट्यांसारखी लख्ख पुसली गेली. कुणाचा केससुद्धा हलला नाही. गोलकीपरला मात्र आता चेहराच उरला नव्हता.

"आजी!" दारात दहा वर्षांची ईश्वरी उभी होती. "ओ नो. पप्पा मला मारून टाकतील."

"तुला का? पुसला मी."

ईश्वरीने जीभ चावली. शोभनाताईंनी सांगलीत चौतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला होता. त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या कार्डं अल्बमच्या खिशांत परत घालत राहिल्या. गप्प बसलेल्या बाईंसमोर मूल फार वेळ टिकत नाही.

ईश्वरी चौथ्या कार्डाला फुटली.

"आजी, इट्स नॉट द रियल वन. खरं कार्ड मी दोन वर्षांपूर्वी स्कूलमध्ये नेलं होतं, फ्रेंड्सना दाखवायला. बॅगेत वॉटर बॉटल लीक झाली. सगळी इंक पसरली. मग पप्पांच्या लॅपटॉपमध्ये त्याचा फोटो सापडला. दोन्ही साइड्सचा, एक्झॅक्ट साइझमध्ये. मी प्रिंट काढला आणि कार्डबोर्डवर चिकटवला."

शोभनाताईंनी कार्डाच्या कडा निरखल्या आणि मनातल्या मनात हस्तकलेचे दहापैकी नऊ गुण दिले. "आणि आज हे फहदकाकांच्या गळ्यात पडलं असतं."

ईश्वरीचे डोळे भरले. "सांगणार होते. पण पप्पा रोज म्हणतात ना, ओरिजिनल, ओरिजिनल."

"बरं. नाक माझ्या कुंकवाने गेलं, ओरडा मी खाईन. तुझं तू कधी सांगायचं ते तू ठरव."

साडेतीनला निखिल आला. दोन्ही हातांत हार, काखेत श्रीखंडाचा डबा. शोभनाताईंनी कार्ड त्याच्यापुढे धरलं. "निखिल, तुझा गोलकीपर माझ्या हातून गेला रे. पूजा करायला गेले आणि..."

निखिल मटकन खुर्चीत बसला. मग गणिताचा पेपर पुढे ढकलल्याचं कळावं तसा त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"जाऊ दे गं आई. सणाचा दिवस आहे. फहदला सांगतो, कार्ड खलास. तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस." आणि डबा उघडून त्याने बोटभर श्रीखंड चाखलंसुद्धा.

एवढा चांगुलपणा ईश्वरीला सोसला नाही. "पप्पा, सॉरी! हे रियल नव्हतंच! रियल मी पाण्यात घालवलं, सगळी इंक गेली. हे मी प्रिंट केलं. फ्रॉम युअर लॅपटॉप."

निखिलचं बोट तोंडातच राहिलं. कान लाल झाले. कधी भिजलं, कसं भिजलं, मला का सांगितलं नाहीस, एकही प्रश्न त्याने विचारला नाही. तो फक्त लॅपटॉपकडे बघत होता. लॅपटॉपच्या कपाळी कुंकू होतं.

शोभनाताईंनी आधी चार अल्बमकडे पाहिलं, मग लाल कानांच्या दोन्ही जोड्यांकडे. त्यांनी नातीला धरून बापाशेजारच्या खुर्चीत बसवलं. एका बाकावरच्या अशा पुष्कळ जोडगोळ्या त्यांनी वर्गात पाहिल्या होत्या.

"निखिल, खरं कार्ड पाण्याने नुसतं ओलं होतं. सकाळपासून चारशे अकरा पुसली मी, एकाची शाई गेली नाही. हिने तुझं बघून लिहिलं, ते समजलं," त्या म्हणाल्या. "आता तू सांग, तू कुणाचं बघून लिहिलंस?"