आत्याबाईंचं नाक

तिसऱ्यांदा न्हाऊन आलेला रावजी समोर उभा राहिला, तशी कुंदाताईंनी पुन्हा त्याच्या मानेपाशी नाक नेलं. विषारी गळती आवरणाऱ्या त्यांच्या पथकात हाच रिवाज होता. प्रमुखाच्या नाकात बसवलेल्या कृत्रिम पेशींनी निर्वाळा दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

"ताई, आता सालटं निघेल माझं," रावजी हसला. "संध्याकाळी पोरीचं बारसं आहे. आत्या तुम्हीच व्हायचंय, विसरलात?"

कातडी स्वच्छ होती. विषाचा वास श्वासातून येत होता, आणि त्याच्या आडून चुना-तंबाखूचा.

"आत असताना मास्क उचललास?"

रावजीने मान खाली घातली. "चिमूट लावायला. क्षणभरच."

हे विष फुप्फुसात मुरलं की माणूस जेमतेम महिनाभर जगायचा. त्याच्या श्वासाने मोठ्यांना काही होत नसे, पण तान्ह्या बाळाला एक पापा पुरेसा होता.

'स्वच्छ' एवढा एकच शब्द उच्चारला असता तर तो घरी गेला असता. कुंदाताईंनी मधलं काचेचं दार ओढून घेतलं.

रावजीने काचेला तोंड लावून लेकीचं नाव सांगितलं.

संध्याकाळी कुंदाताईंनी पाळण्यात वाकून ते बाळाच्या कानात म्हटलं. नाकाला फक्त दुधाचा वास आला. बायकांनी हसत रिवाजाचे धपाटे त्यांच्या पाठीत घातले.

"जोरात घाला गं," वाकलेल्याच कुंदाताई म्हणाल्या. "अजून जोरात."