खोली आणि दोन वेळचं जेवण

"कोपाचं तोंड उगवतीला पाहिजे. हे कुणीकडं केलंस?"

अण्णाराव कमरेवर हात ठेवून उभे होते आणि नाजिया अर्धा बांधलेला कडब्याचा कोप, पूजेची ती खोपटी, मुकाट्याने सोडत होती. आज येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. या दिवशी लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात. ज्याला स्वतःचं शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जाऊन आंबील पितो. चाकूरजवळच्या या सात एकरांतही सकाळीच चूल पेटली होती.

नाजिया देगलूरची, कापडवाल्या गुलाम रसूलची मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून तिने लातुरात दोन वर्षं क्लास केला. नंबर लागला नाही, तेव्हा जाडजूड पुस्तकं रद्दीत आणि बापाने डॉक्टरकीसाठी ठेवलेला पैसा मातीत घालून ती इथे आली. इथला नियम साधा होता. अर्धा दिवस काम करायचं, त्याबदल्यात खोली आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. पुण्याची, हैदराबादची पोरं यायची, शेण कालवायची, शेण कालवतानाचे फोटो काढायची आणि हाताला फोड घेऊन परत जायची. अण्णारावांना त्यांची फार गंमत वाटायची.

त्यांची आणि नाजियाची बोली मात्र येळवसपर्यंतचीच होती. पुढचं काय ते आज ठरायचं होतं. सकाळपासून कुणीच विषय काढला नव्हता. अण्णारावांना त्याचाच घोर लागला होता, पण बोलायला तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडायचं.

"भज्जीत चिंच कमी हाय."

"चाखल्याबिगर कसं कळलं, काका?"

"वास न्हाई यायला."

नाजियाने हसून ओल्या दाण्यांच्या आणि भाज्यांच्या त्या कालवणात चिंचेचं पाणी आणखी ओतलं.

दुपारी पूजा झाली. धुतलेलं धोतर नेसून अण्णाराव कोपात बसले, चुन्याने रंगवलेल्या दगडाच्या पाच पांडवांपुढे बाजरीचे उंडे आणि भज्जी ठेवली, नारळ फोडला. नाजिया डोक्यावर ओढणी घेऊन ते मागतील ते हातात देत होती. मग आंबिलीचा तांब्या घेऊन ते बांधाबांधाने फिरले, ज्वारीवर शिंपडत, ओलगे ओलगे असा येळवसचा घोष करत. आलेले पाहुणे त्यांच्या पाया पडले. कुणी पिकाचं कौतुक केलं की त्यांची छाती फुगायची.

"युरियाचा दाणा न्हाई घातलेला. जीवामृत, बस."

जन्मभर पोत्याने युरिया टाकलेला हा माणूस हल्ली त्याचं नाव काढलं की नाक मुरडायचा.

पंगत बसतच होती तेवढ्यात बांधापाशी पांढरी गाडी थांबली. अण्णारावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. गाडीतून बजरंग उतरला, त्यांचा एकुलता एक मुलगा. लातुरात त्याला सगळे बजरंग सर म्हणत. शहराच्या कडेला त्यांचं वडिलोपार्जित शेत होतं. आता तिथे त्याचा क्लास होता आणि मागे पोरांचं होस्टेल. जागेच्या कागदांवर सही अण्णारावांनीच केली होती, आणि आनंदाने केली होती. पुढे मुलाने त्यांना चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि सगळं बिनसलं. भूकंपाच्या रात्रीपासून ते स्लॅबखाली कधी झोपले नव्हते. त्यांना डोक्यावर पत्रा लागायचा. फ्लॅटमध्ये खालून ट्रक गेला तरी ते उठून बसायचे. दिवाळी झाल्यावर एका पहाटे "शेतावर जातो" एवढंच सुनेला सांगून ते निघाले ते निघालेच.

बजरंगने पूजा पाहिली, पंगत पाहिली, छातीएवढी ज्वारी पाहिली.

"म्हणजे खरंच शेत घेतलंत, आबा. मला एका शब्दानं विचारलं नाही."

"सात एकर हाय," अण्णाराव म्हणाले. "हिरीला पाणी बी लई हाय."

तेवढ्यात बजरंगचं लक्ष नाजियाकडे गेलं. "तू नाजिया ना? आपल्या रिपीटर बॅचची?"

"हाव सर."

"आणि आता इथं शेणात हात घालतीस? खोली आणि जेवणावर?"

नाजियाने आंबिलीचा पेला त्याच्या हातात दिला. "प्या सर, गार हाय."

त्याने पेला तसाच खाली ठेवला. "आबा, बस झालं. हजार पोरं मला सर म्हणतात आणि माझा बाप इथं राबतो. लोक काय म्हणतील? आत्ता गाडीत बसा. हे विकायचं माझ्याकडं लागलं."

"इकणं माझ्या हातात न्हाई."

"ही तुमची नेहमीचीच भाषा."

अण्णारावांनी नाजियाकडे पाहिलं. तिने पुढे नाही म्हटलं तर त्या गाडीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुन्हा चौथा मजला, पुन्हा ट्रक, रात्रभर छताकडे बघत पडणं. मुलावर त्यांचा राग नव्हता. त्याचं प्रेम होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पण त्या प्रेमाच्या डोक्यावर स्लॅब होता.

"नाजिया," बजरंग म्हणाला, "आबांची पिशवी आण. तुझीही बांध. हे शेत आजपासून बंद. तुला देगलूरच्या बसमध्ये बसवून देतो."

अण्णाराव खाली मान घालून उभे राहिले.

नाजियाने शांतपणे हात धुतले, ओढणीला पुसले, पंगतीत एक जागा करून ताट मांडलं आणि त्यात भज्जी वाढली.

"आधी जेवा, सर. येळवसला माझ्या शेतातून कुणी उपाशी गेलेलं मला चालत न्हाई. आन काका कुठंच जायले न्हाईत. रब्बी निघेपर्यंत मी त्यांना ठेवून घेतलंय, खोली आणि दोन वेळच्या जेवणावर, आन उद्या हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी त्यांचीच हाय."