मागच्या माणसाची सुरी

एदेल्मिरानं वाकलेली सुरी ऐरणीवर आपटली. भात्याजवळ झोपलेलं मांजर उठून पळालं.

"बघा, डॉन गोटार्डो. तुमच्या हातची आहे."

म्हाताऱ्या लोहारानं सुरीला लगेच हात लावला नाही. पात्याचं चार बोटं टोक उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखं कलंडलं होतं.

"त्यांचं काम चोख होतं," दारातून आवाज आला. तिचा थोरला भाऊ अन्सेल्मो काठी टेकत आत येत होता. त्याच्या पोटरीत सव्वीस टाके होते. "हात हिचा चुकला. ऐन वेळी थरथरला आणि डुकराच्या खांद्याच्या हाडावर बसला. बाईमाणूस. दुसरं काय?"

एदेल्मिराच्या कानशिलात रक्त उसळलं. नऊ दिवस तो हेच सांगत सुटला होता. दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर.

कालदेनच्या काटेरी झाडांच्या रानात त्यांच्या कुत्र्यांनी रानडुक्कर धरून ठेवलं होतं. रीत ठरलेली. पुढच्यानं जाऊन सुरी खुपसायची. त्याचं काही बिघडलं, तर मागच्यानं दुसरी सुरी घेऊन धावायचं. अन्सेल्मोचा पाय घसरला, बापाची लांब सुरी हातातून उडाली आणि तो सुळ्यांपुढं पडला. एदेल्मिरा धावली. पुढच्या पायाच्या मागं, कोपराच्या जरा वर, जिथं मारायची तिथंच तिनं मारली. म्हाताऱ्या डुकराची कातडी तिथं बोटभर जाड असते. पातं आत गेलंच नाही. तेवढ्यात डुकरानं मान फिरवून अन्सेल्मोची पोटरी चिरली. मध्ये झेपावलेल्या चिस्पाचं, एदेल्मिराच्या लाडक्या कुत्रीचं, पोट फाटलं. मग एदेल्मिरानं गवतातली लांब सुरी उचलली आणि डुक्कर आडवं केलं.

"शेवटी बापाची सुरीच कामाला आली," असं अन्सेल्मो गावात सांगायचा. ती कुणाच्या हातात होती, ते सांगायचा नाही.

आता तो शेगडीजवळच्या खोक्यावर पाय लांब करून बसला. "एक दुसरी सुरी दाखवा, डॉन गोटार्डो. जरा दणकट. यापुढं माझ्यामागं रामिरो चालणार. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, पंजा बघा त्याचा, फावडं आहे फावडं. आणि ही काटकुळी घरी बसून कुत्र्यांसाठी हाडं उकळेल."

"मी घरी बसणार नाही."

"मग बाहेर बस."

लोहारानं मेंढीच्या कातड्यावर सहा सुऱ्या मांडून ते त्याच्यापुढं सरकवलं. मग वाकलेली सुरी चिमट्यात धरली आणि कानस उचलली. मुठीजवळ कानस घसरली, नुसतीच किंचाळली. टोकाजवळ मात्र ती रुतली आणि पात्याचा बारीक भुगा खाली पडला. त्यानं पुन्हा तसंच करून पाहिलं. पुन्हा तेच.

"हाडावर बसली असती तर माझ्या सुरीचं टोक तुटलं असतं," तो म्हणाला. "हे वाकलंय. मुठीजवळ पात्याचं पाणी शाबूत आहे, टोकाचं उतरून ते मऊ पडलंय. टोक विस्तवात गेलंय. एकदा नाही, कितीदा तरी."

एदेल्मिरानं श्वास सोडला. हात चुकला नव्हता. पण राग उतरला नाही, उलट चढला. म्हणजे चिस्पा फुकट गेली.

"विस्तवात?" अन्सेल्मो हसला. "कोण घालेल? हिनंच चुलीपाशी काहीतरी केलं असणार."

"ती सुरी तुझ्या खोगिराला असते!" ती ओरडली. "शिकारीच्या सकाळी तू माझ्या हातात देतोस आणि घरी आल्यावर काढून घेतोस!"

"हळू बोल गं. पाय फाटलाय माझा, कान नाही." अन्सेल्मोनं समोरची एक सुरी उचलून तोलून पाहिली. "आणि एवढं आकाशपाताळ कशाला? दुसरीच तर सुरी. पहिली असती तर गोष्ट वेगळी. बापाच्या सुरीनं मी पावसुद्धा कापत नाही. विचार कुणालाही."

शेगडीवर येर्बाच्या काढ्याची किटली होती. ती निवत आली होती. बोलता बोलता त्यानं हातातल्या सुरीच्या टोकानं निखारे किटलीखाली ओढले. एक मोठा निखारा हलेना, तर टोक त्यात खुपसून पिळलं आणि फोडला.

"ही बरी वाटते," तो म्हणाला आणि त्यानं मान वर केली.

दोघंही त्याच्या हाताकडं बघत होती.

एदेल्मिराला रविवार आठवले. एकामागून एक, सगळेच. जाळीवर मांस, हातात ग्लास, तोंडात गप्पा आणि त्या सुरीच्या टोकानं निखारे सारणारा हाच हात. तिनं दर वेळी पाहिलं होतं. तिलाही ती 'दुसरीच तर सुरी' वाटत आली होती.

अन्सेल्मोनं सुरी पटकन निखाऱ्यांतून काढली. टोकावर निळसर झाक आली होती.

एदेल्मिरा त्याच्या मागं गेली. त्याच्या कमरेला पाठीशी खोचलेली लांब सुरी तिनं म्यानासकट ओढून काढली.

"ए! बापाची आहे ती!"

"बाप माझाही होता."

सुरी तिनं स्वतःच्या पट्ट्यात खोचली. मग सुऱ्या मांडलेलं कातडं पायानं त्याच्या आणखी जवळ सरकवलं.

"रामिरोला राहू दे. टाके सुकले की माझ्या मागं तू चालायचंस. दुसरी सुरी निवड, अन्सेल्मो, आणि नीट निवड. आता माझा जीव तिच्या भरवशावर आहे."