रिकाम्या खोलीचा आवाज

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे माझं काम. आधी अर्धं मिनिट गप्प बसून नुसता खोलीचा आवाज घ्यायचा, ही आमची पद्धत. आज त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं.

माझा दादा साउंडचं काम करतो. त्याला फोन लावला आणि माइकला त्रास नको म्हणून फोन स्पीकरवर टाकून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला.

"अगं, तुझाच श्वास असणार. रोखून बघ."

मी रोखला. स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी सावकाश चढली, सावकाश उतरली.

"पोर्ट बदल." बदलला. "केबल बदल." तीही बदलली. "म्यूट कर." माइकवरचा दिवा लाल झाला. पट्टी चढतच होती, उतरतच होती.

"मग माइकच गेलाय. काढून टाक आणि माझं डोकं नको खाऊस."

मी केबल उपटली. पट्टी थांबली.

"थांबलं रे बाबा एकदाचं!" मी टेबलाजवळूनच ओरडले.

"बरं झालं," दादा म्हणाला. "आता जरा मागे सरक बघू. फोनला एवढं तोंड लावून श्वास घेतेयस, तू काय बोलतेस ते ऐकूच येत नाहीये."

खोलीला दार एकच आहे.