जिथं सुई अडायची

ट्रम्पेट वर चढू लागलं तसे आम्ही तिघे सवयीनं सावरून बसलो. तेलंगच्या रेकॉर्डला नेमका तिथंच चरा होता. दर रविवारी त्याच्या घरी जॅझ ऐकताना सुई तिथं अडायची, तेलंग उठून बोटानं हलकेच ती पुढं सरकवायचा आणि आम्ही ओरडायचो, "अरे कंजूष माणसा, नवी आण!"

त्याला जाऊन वर्ष झालं म्हणून आज आम्हीच नवी आणली होती. ट्रम्पेट कुठंही न अडता पुढं निघून गेलं. कुणाला उठावंच लागलं नाही.

"वहिनी, त्याची जुनीच लावू या," मी म्हणालो.

"ती कुठली आता, भावोजी?" वहिनी म्हणाल्या. "हे गेल्यावर चरे पडलेल्या सगळ्या तुम्हीच निवडून बाजूला काढल्यात ना? भंगारात दिल्या मी."